व्हिनेगर व्हायच्या आधी

इराणच्या वायव्येला, उर्मिया सरोवराच्या दक्षिणेकडे, हाजी फिरुझ टेपे नावाचं एक मातीचं टेकाड आहे. १९६८ मध्ये मेरी व्हॉइट नावाच्या पुरातत्त्वज्ञ बाई तिथे खोदत होत्या आणि त्यांना कच्च्या विटांचं एक घर सापडलं. एक मोठी खोली, दोन साठवणीच्या खोल्या आणि एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात चूल, रोजची भांडीकुंडी, आणि एका भिंतीला धरून जमिनीत बसवलेली सहा मडकी. अरुंद मानेची, प्रत्येकात साधारण ९ लिटर मावेल एवढी. आसपास मातीची बुचं पडलेली, मडक्यांच्या मानेत बसतील अशा मापाची. एका मडक्याच्या तळाला आतून पिवळसर काहीतरी चिकटलेलं होतं. बाईंना वाटलं दूध-दही असणार, आणि त्यात चूक काही नाही, स्वयंपाकघरातलं मडकं म्हटल्यावर कुणालाही तेच वाटेल.

घर इसवी सनपूर्व ५४०० ते ५००० च्या दरम्यानचं, म्हणजे सात हजार वर्षांहून जुनं. त्यानंतर पंचवीसेक वर्षं तो पिवळा थर तसाच राहिला. हे मला फार मोलाचं वाटतं कारण त्या काळात खापरं निघाली की पहिलं काम म्हणजे ती ब्रशने घासून स्वच्छ करायची, वर चुन्याचा थर असेल तर सौम्य ऍसिडमध्ये बुडवायची, नक्षी दिसली पाहिजे ना. किती गावांचं जेवणखाण असं धुवून गेलं असेल कोण जाणे. हे मडकं वाचलं आणि नव्वदच्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या म्युझियममधल्या पॅट्रिक मॅक्गव्हर्न यांच्या लॅबमध्ये गेलं. १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये निकाल छापून आला: द्राक्षाची वाईन, आणि तीत झाडाची राळ घातलेली.

आता वाईन म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू द्यायची की नाही यावरून टीव्हीवर जे काही चाललं होतं ते आठवत असेलच, वाईन म्हणजे दारू की नाही यावर माणसं घसा कोरडा करत होती. मला त्या वादात पडायचं नाहीये. माझं स्वतःचं पिणं म्हणाल तर लग्नाच्या वाढदिवसाला अर्धा ग्लास, तोही संपवता संपवत नाही. मला ओढ आहे ती त्या चिकटलेल्या थराची. सात हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मडक्यात काय भरलं होतं हे आज ठामपणे सांगता येतं म्हणजे नेमकं कशावरून सांगतात?

तर टार्टारिक ऍसिडवरून. द्राक्षात ते भरपूर असतं, आणि पश्चिम आशियात इतक्या प्रमाणात ते असणारं दुसरं फळ जवळजवळ नाहीच. रस मडक्यात राहिला की हे ऍसिड कॅल्शियमशी जुळून त्याचा क्षार होतो, तो पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, आणि मडकं सच्छिद्र असल्यामुळे तो मातीच्या आत जाऊन बसतो. दारू उडून जाते, पाणी उडून जातं, साखर जीवजंतू खाऊन टाकतात, हा क्षार तेवढा राहतो. मग खापराचा तुकडा घेऊन त्यातलं जे निघेल ते काढायचं आणि मशीनवर तपासायचं.

यात आपल्या दृष्टीने एक गंमत आहे. टार्टारिक ऍसिड भरपूर असणारं आणखी एक फळ म्हणजे चिंच. म्हणजे हीच टेस्ट उद्या इनामगावच्या एखाद्या मडक्यावर केली (शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने कित्येक वर्षं खोदलेलं ताम्रपाषाणयुगातलं गाव) आणि टार्टारिक ऍसिड सापडलं, तर लगेच वाईन वाईन म्हणून ओरडायचं कारण नाही, कुणाच्या तरी घरची आंबटगोड आमटीही असू शकते. हाजी फिरुझच्या लोकांकडे चिंच नव्हती म्हणून तिथे पुरावा पक्का. एकच रसायन, एका देशात साक्षीदार म्हणून चालतं आणि दुसऱ्या देशात नाही. आणि हो, त्या ऍसिडवरून द्राक्ष होतं एवढंच सिद्ध होतं, वाईन होती हे नाही. रस असेल, काकवीसारखा आटवलेला पाक असेल. रसायनवाल्यांमध्ये यावर अजूनही घासाघीस चालू असते. पण उन्हाळ्याच्या शेवटी ठेचलेल्या द्राक्षांचा रस सालासकट मडक्यात ठेवून बघा, दोन-तीन दिवसांत तो बुडबुडायला लागतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मामाची द्राक्षबाग निफाडकडची. ज्या वर्षी माल उतरवायच्या तोंडावर अवकाळी पडतो त्या वर्षी मणी तडकतात, आणि तडकलेला माल कोण घेणार, मग घडच्या घड काढून बांधाला ढीग लावायचा. तिसऱ्या दिवशी त्या ढिगाला जो वास सुटतो तो ज्यांनी घेतलाय त्यांना कळेल, गोड, आंबूस, नाकात झिणझिणणारा, आणि ढिगाखालून काळपट रस वाहत मातीत जिरतो. त्यावर गांधीलमाश्यांचं मोहोळ. मामी ओरडायची, "तिकडं नका जाऊ गं पोरींनो, चावली म्हणजे मग रडत याल." मामा मात्र त्या ढिगाकडे बघायचाही नाही, फवारणीचा, मजुरीचा खर्च डोक्यात, वास कसला घेतोय.

त्या गांधीलमाश्यांबद्दल पुढे २०१२ मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास वाचला तेव्हा मी जागेवरच बसले. वाईन घडवणारं जे यीस्ट, ते गांधीलमाश्यांच्या पोटात हिवाळाभर जिवंत राहतं, राणीमाशीकडून पुढच्या पिढीच्या अळ्यांमध्ये जातं आणि द्राक्षं पिकायच्या वेळेला परत वेलींवर येऊन पोचतं. म्हणजे माणूस नसतानाही सगळं सामान तयार आहे. फळ आहे, साखर आहे, यीस्ट आहे, ते आणून टाकणारी माशी आहे. साल फुटली की काम सुरू.

म्हणून वाईनचा शोध कुणी लावला या प्रश्नात मला तितकासा राम वाटत नाही. वाईन होतेच. प्रश्न आहे ती टिकवायची कशी. कारण तो बांधावरचा ढीग आठवडाभरात नुसता आंबट होतो, डोळ्यांत पाणी येईल असा. हवा लागली की दुसरे जंतू येतात आणि दारूचं व्हिनेगर करून टाकतात. म्हणजे द्राक्षाचा रस आणि व्हिनेगर यांच्यामध्ये जी काही दिवसांची फट आहे ती माणसाने ओढून ओढून महिन्यांची केली, आणि हाच त्या पहिल्या शेतकरी गावांचा खरा उद्योग. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीत तेलाचा थर कैरीच्या वर राहिला पाहिजे म्हणून आजी जी कटकट करायची ती नेमकी हीच कटकट, हवा लागू द्यायची नाही.

आणि हे सोपं नाहीये बरं का. रस उकळ्या मारत असताना बूच घट्ट बसवलं तर गॅसने मडकं फुटेल किंवा बूच उडेल. उकळ्या थांबल्यावर उघडं ठेवलं तर व्हिनेगर. म्हणजे केव्हा झाकायचं ते कळलं पाहिजे, कान लावून, वास घेऊन. हे कुणीतरी दरवर्षी एकदाच येणाऱ्या हंगामात शिकत होतं, एक वर्ष बिघडलं की पुढच्या वर्षापर्यंत थांबा.

हाजी फिरुझच्या बराच काळ आधीची गोष्ट कॉकेशस डोंगराखालच्या जॉर्जिया देशात सापडली. तिथली राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर गदाचरिली गोरा आणि शुलावेरिस गोरा अशी जवळजवळची दोन टेकाडं आहेत. तिथली गावं म्हणजे कच्च्या विटांची गोल गोल घरं एकमेकांना खेटून, अंगणं मधे, बाजूला गहू-बार्ली, गुरं-शेळ्या, काळ्या ज्वालामुखी काचेची हत्यारं. टोरांटो विद्यापीठ आणि जॉर्जियाचं राष्ट्रीय म्युझियम यांनी मिळून तिथे नव्याने खोदकाम केलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मॅक्गव्हर्न आणि मंडळींनी निकाल जाहीर केला. आठ मोठ्या मडक्यांच्या खापरांमध्ये टार्टारिक ऍसिड, सोबत द्राक्षात असणारी आणखी तीन ऍसिडं, मॅलिक, सक्सिनिक, सायट्रिक. काळ इसवी सनपूर्व ६००० ते ५८००. शहाणपणा असा की त्यांनी आजूबाजूची मातीही तपासली, कारण हल्लीच्या जमान्यातलं काहीतरी मातीतून खापरात झिरपलं असेल अशी शंका कुणीही काढेल. खापरात जे होतं ते मातीत होतं त्यापेक्षा जास्त निघालं. शिवाय गावात द्राक्षाच्या फुलांचे परागकण मिळाले.

पण बिया नाहीत. ही गोष्ट मला त्या सगळ्या रिपोर्टमध्ये सगळ्यात आवडली. वाईन करायची म्हणजे चोथा, बिया, देठं यांचा ढीग पडायला हवा, आणि गावात तो नाही. खोदणाऱ्यांचा अंदाज असा की द्राक्षं वर डोंगराच्या बाजूला, जिथे वेली होत्या तिथेच तुडवत असतील, तिकडे थंडही असतं, आणि तयार वाईन लहान भांड्यांतून खाली गावात आणत असतील. म्हणजे गावात पोचायची ती गाळलेली वाईन, चोथा तिकडे वरच.

आणि राळ नाही. जॉर्जियाच्या खापरांत झाडाच्या राळेचा पत्ता नाही, ना कुठली जडीबुटी. याचा अर्थ त्या लोकांना टिकवायची युक्ती अजून सापडली नव्हती, किंवा गरज वाटली नव्हती. वाईन झाली की प्यायची, व्हिनेगर व्हायच्या आत संपवायची, परत पुढच्या सुगीला. मला वाटतं त्या गावात वर्षातले काही आठवडे फार मजेचे आणि आवाजाचे जात असणार आणि नंतर सगळं चिडीचूप.

मग सहाशे ते हजार वर्षं मध्ये जातात आणि हाजी फिरुझच्या स्वयंपाकघरात राळ दिसते. ती टेरेबिंथ नावाच्या झाडाची, पिस्त्याच्या जातकुळीतलं रानटी झाड, झाग्रोस डोंगरात भरपूर. पिस्ता, काजू, आंबा हे सगळं एकाच कुळातलं. आंब्याचा चीक हाताला लागल्यावर कातडी कशी चरचरते ते माहीत असेल तर त्या कुळाचा स्वभाव कळेल. राळ जंतूंना आवर घालते, व्हिनेगर व्हायचं लांबणीवर टाकते, आणि बिघडायला लागलेल्या वाईनची चवही झाकते, ही दुसरी गोष्ट सहसा कुणी बोलत नाही पण व्यवहारात हीच महत्त्वाची. ग्रीसमध्ये आजही पाइनची राळ घातलेली रेत्सिना पितात. गरज कधीच संपली, चव राहिली.

सहा मडकी गुणिले नऊ म्हणजे ५४ लिटर. एका घराला. हे काही उत्सवाचं माप नाही, वर्षभर कुटुंबाला पुरवून पुरवून वापरायचं माप आहे. कुणी सरदार नाही, देऊळ नाही, भांडी सगळी घरची. आणि हे काम कुणी करत असेल हे लिहून ठेवलेलं नसलं तरी मडकी चुलीजवळ आहेत, एवढ्यावर ज्याने त्याने समजावं.

वेलीचं वेगळंच प्रकरण आहे. रानद्राक्षाची नर वेल वेगळी, मादी वेगळी, मणी बारीक, आंबट, नुसत्या बिया. पण क्वचित एखादी वेल अशी निघते की तिच्या फुलात दोन्ही असतं, ती एकटीच फळते आणि दरवर्षी फळते. ती कुणाच्या तरी नजरेत भरली असणार. बी पेरून तीच वेल परत मिळत नाही, पोर आईबापावर जाईलच असं नाही. त्यासाठी काडी तोडून लावावी लागते. आणि काडी लावली की फळाला तीनेक वर्षं थांबा. गहू पेरणारा माणूस सहा-सात महिन्यांनी कापणी करून वाटेल तिथे जाऊ शकतो, वेल लावणाऱ्याला मात्र तीन वर्षांनी मी इथेच असेन असं मनाशी धरावं लागतं. त्या गोल घरांमध्ये राहणारी माणसं हे धरायला लागली होती.

२०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये द्राक्षाच्या लागवडीच्या आणि रानटी मिळून साडेतीन हजारांवर वेलींचा जनुकीय अभ्यास आला. त्यात म्हटलंय की द्राक्ष दोन ठिकाणी, साधारण एकाच सुमाराला, ११,००० वर्षांपूर्वी माणसाळलं: एकदा पश्चिम आशियात आणि एकदा कॉकेशसमध्ये. यातलं कॉकेशसचं, म्हणजे वाईनवाल्यांचं द्राक्ष फारसं लांब गेलं नाही, आणि युरोपभर जी वाईनची द्राक्षं पसरली ती त्या पश्चिम आशियातल्या, खायच्या द्राक्षांचा वाटेत रानद्राक्षांशी संकर होत होत तयार झाली. मामाच्या बागेत आहे तो थॉमसन. खायचा, बेदाण्याचा, बिनबियांचा. वाईनसाठी त्याला कुणी फारसं विचारत नाही.

मैत्रिणीची मुलगी तिबिलिसीला एमबीबीएस करतेय, आपल्याकडची बरीच मुलं तिथे आहेत. ती ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या आजी तिला एका ऑक्टोबरमध्ये गावी, काखेती भागात घेऊन गेल्या, द्राक्षाच्या सुगीला. तिथून तिने व्हिडिओ कॉल केला, मैत्रिणीकडे मीही बसले होते. घरामागे एक खोली, जमिनीत नुसती गोल तोंडं दिसतात, त्यांच्याखाली माणूस उतरेल एवढी मडकी गळ्यापर्यंत पुरलेली. क्वेव्री म्हणतात त्याला, आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला असतो. रस, साल, बिया, सगळं त्यातच. उकळ्या फुटतात तेव्हा चोथा वर येतो, तो दिवसातून तीनचार वेळा लांब काठीने खाली दाबायचा, नाहीतर वरच्या वर आंबतो. ही पोरगी काठी धरून उभी, कोपरापर्यंत जांभळी, आणि त्या आजी तिला हाताने खुणा करून सांगतायत, जोरात नको, फिरवून. "काकू, आवाज ऐका," म्हणून तिने फोन त्या तोंडाशी नेला. खालून बारीक चुरचुर येत होती. मैत्रिणीला काळजी वेगळीच, "अगं तो फोन पडेल आत!"

२०१३ मध्ये युनेस्कोने या पद्धतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण आठ हजार वर्षांची अखंड परंपरा वगैरे जे जॉर्जियाच्या जाहिरातींत लिहितात ते मी मिठाच्या खड्यासकट घेते. गदाचरिलीची मडकी क्वेव्री नव्हेत. जमिनीत पुरून गार ठेवायचं आणि मेणाने भोकं बुजवायची ही नंतरची अक्कल आहे, टिकवण्याच्याच रस्त्यावरची पुढची पायरी.

पहिलं कोण यावरून तिकडे चुरस आहेच. जॉर्जिया म्हणते आम्ही. आर्मेनियाकडे सगळ्यात जुना तुडवायचा घाणा आहे. इराणकडे ती सहा मडकी, पण १९७९ नंतर तिथे दारूला बंदी, त्यामुळे त्या शोधाचं कौतुक करायची पंचाईत. आणि या सगळ्यांच्या भांडणापलीकडे चीनमधल्या हेनान प्रांतातल्या जियाहू गावची खापरं आहेत, इसवी सनपूर्व ७००० ची, त्यात तांदूळ, मध आणि एखादं फळ, द्राक्ष नाहीतर हॉथॉर्न, असं मिश्रण आंबवलेलं. मग आता ती वाईन म्हणायची की बिअर की आणखी काही, बसा ठरवत. मला तर वाटतं या शर्यतीत पहिला नंबर मडक्याचा आहे. मडकं यायच्या आधी माणसं कातडी पिशवीत, भोपळ्यात, लाकडाच्या कोरीव भांड्यात रस ठेवतच असतील, पण ते सगळं कुजून गेलं. आपल्याला सापडतात ते फक्त मातीची भांडी भाजता येणारे.

आर्मेनियाचा घाणा मात्र बघण्यासारखा आहे. अरेनी गावाजवळच्या गुहेत, इसवी सनपूर्व ४००० च्या आसपासचा, २०११ मध्ये जाहीर झाला. गुहा इतकी कोरडी की तिथे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा जोडा लेससकट सापडलाय. घाणा म्हणजे मीटरभर रुंदीचं मातीचं उथळ कुंड, कडा उचललेल्या, उतार एका बाजूला, तिथून रस खाली पुरलेल्या रांजणात पडेल असा. आसपास द्राक्षाच्या बिया, चोथा, वाळलेल्या काड्या. कुंडाच्या आकारावरून सरळ दिसतं की पायांनीच तुडवत होते. पण शेजारी काय, तर थडगी. गाव दुसरीकडे आणि हे इथे, मेलेल्यांच्या सोबतीला. स्वयंपाकघरातून वाईन बाहेर पडली होती.

आणि एकदा टिकायला लागलेली वस्तू साठवता येते, साठवली की दूरवर नेता येते, नेता आली की ज्याच्या हातात सत्ता त्याच्या कोठारात जाऊन पडते. इजिप्तमध्ये अबायडोसला पहिल्या स्कॉर्पियन राजाची कबर आहे, इसवी सनपूर्व ३१५० च्या सुमाराची, १९८८ मध्ये जर्मन पुरातत्त्वज्ञांनी उघडली. त्यात वाईनची सुमारे ७०० मडकी, तीन खोल्या भरून, एकावर एक. अंदाजे ४,५०० लिटर. राळ घातलेली, काहींत अंजिराच्या फोडी टाकलेल्या. इजिप्तमध्ये तेव्हा द्राक्षाची लागवड नव्हती, आणि मॅक्गव्हर्न यांच्या मते ही मडकी पॅलेस्टाइन-जॉर्डनच्या बाजूने आली, गाढवांवरून, होड्यांतून, शेकडो किलोमीटर. सगळ्यांना ते मान्य नाही, काहींच्या मते मडक्यांची माती इजिप्तचीच आहे. कुठूनही आलेली असोत, कुणाच्या तरी शेतावरच्या घाण्यातून, कुणाच्या तरी पायांखालून निघालेला तो माल होता, तोंडं बंद करून, मातीचे शिक्के मारून मोजून आणलेला. आणि हे सगळं ज्याच्यासाठी आणलं तो मेलेला होता.